वैद्यकाकांची चांदीची पेनी

वैद्यकाकांच्या घरी मुळासुद्धा तपासल्याशिवाय धुतला जात नाही. वेम्बलीहून भाजी आली की काका चष्मा कपाळावर चढवून मुळ्याची माती बोटांनी चाचपतात. “धुतलं की पुरावा गेला!” हे त्यांचं पालुपद.

लंडनच्या पिनरमध्ये आमची भिंतीला भिंत. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात. या गृहस्थांनी जमिनीतली जुनी नाणी शोधायला मेटल डिटेक्टर घेतला. दर शनिवारी एका शेतकऱ्याच्या परवानगीने त्याच्या शेतात फिरतात. सहा वर्षांत मिळालं काय, तर बाटल्यांची बुचं आणि ट्रॅक्टरचे नट. पण प्रत्येक बुचाची वहीत नोंद: कुठल्या कोपऱ्यात, किती खोल, वजन किती. मी एकदा हसलो, तर अर्धा तास फुटपाथवर उभं करून माझी शाळा घेतली.

गेल्या महिन्यात मात्र खरंच घबाड हाती लागलं. नखाएवढं, पातळ, चांदीचं नाणं. एका बाजूला मुकुट घातलेला राजा, दुसऱ्या बाजूला लांब क्रॉस. हातोड्याने ठोकून पाडलेली, मध्ययुगातली पेनी! काकांनी ती मातीसकट डबीत ठेवली आणि म्युझियममध्ये अशा वस्तूंची नोंद करणाऱ्या बाईंची अपॉइंटमेंट घेतली. “फाइंडर म्हणून माझं नाव लागणार रेकॉर्डला,” हे मला चारदा ऐकवून झालं.

त्या दिवशी काका-काकूंना म्युझियममध्ये न्यायला मी गाडी घेऊन गेलो, तर डबी रिकामी! शोधाशोध केली. नाणं देवघरात होतं, लक्ष्मीशेजारी. लखलखीत, वर हळदकुंकू. काकूंनी पूजेच्या भांड्यांबरोबर ते टूथ पावडरने घासून काढलं होतं. हल्ली काकूंना सकाळचं दुपारी आठवत नाही.

“काळं पडलं होतं हो,” काकू हसून म्हणाल्या.

आता स्फोट होणार म्हणून मी दोन पावलं मागे सरकलो. काकांनी नाणं उचलून डबीत ठेवलं. “चला, उशीर होतोय,” एवढंच म्हणाले.

बाईंनी नाणं भिंगाखाली धरलं. “एडवर्ड द फर्स्ट, लव्हली! पण मागची अक्षरं पार झिजलीयत. कुठल्या शहरात पाडलं, ते आता सांगता येणार नाही,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. मग जरा कडक आवाजात, “हू क्लीन्ड इट?”

काकूंनीही चेहरा वर केला.

“आय डिड,” काका म्हणाले. “माय मिस्टेक.”

बाईंनी टाइप केलं: फाइंडरने साफ केलेलं. बुचाच्या नोंदीत अर्धा इंच चुकला तर पान फाडणारा हा माणूस!

“अहो, लोकांना एवढं सांगता आणि स्वतःच घासत बसलात?” काकू रागावल्या.

“चुकलं गं माझं,” काका म्हणाले आणि खाली वाकून काकूंच्या कोटाची बटणं लावू लागले.