पाठीची फौज पायात उतरली, त्याची हकीकत

अखंडित खुर्चीमंडित, प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख हुजूर यांसी, गोड मायने बाजूस ठेवून विज्ञापना ऐसी जे, साळूचे टेबल दाराआड आपणच ढकलले. शिपायावर घालू नये. आपण निवाडा दिला तो खोटा, आणि पुस्तक न उघडता दिला, हे त्याहून वाईट. सबब घडले ते लिहितो. गोड लागेल ऐसी उमेद नाही.

शके एकोणीसशे एकोणीस, ईश्वरनाम संवत्सर, माघमास. पनवेल कसब्यातील महाविद्यालयी विज्ञानप्रदर्शनाचा डंका वाजला. आपट्याकडील कातकरवाडीची साळू, जिचे आईबाप दर हंगामी वीटभट्टीवर कूच करतात, ती तेथे प्राणिशास्त्राचे तिसरे वर्ष शिकत होती. तिने आपल्या टेबलावर पाटी रोविली, ‘पायाचा स्नायू पायात उपजत नाही, पाठीकडून चालत येतो.’ हुजुरांची स्वारी आली, पाटी वाचली आणि हसली. मग आज्ञा जाहली की, स्नायू का तुझ्या वाडीतले आहेत, हंगाम आला की गाठोडे बांधून निघायला? कोंबडीचा गर्भ दाखवून सिद्ध कर, नाहीतर उद्घाटनास हे टेबल दिसू नये. आणि टेबल दाराआड गेले, आणि पोरे फिदीफिदी हसली. साळूला टेबलाचे तितके वाटले नाही. वाडीचे नाव घेऊन हसले, ते काळजात रुतले.

आता गर्भ आणावा कोठून? प्रयोगशाळेच्या उबवणी पेटीत हुजुरांच्या हुकुमे पांढरीशुभ्र इंग्लिश अंडी बसविली होती. देखणी, एका मापाची, पलटणीसारखी. एक फोडले, आत बलक. दुसरे फोडले, बलक. मग अवघी पलटण गारद जाहली आणि आम्लेटाखेरीज काही निष्पन्न होईना. हुजुरांनी अनुमान बांधिले की विद्यार्थ्यांचा हात जड.

साळू आपला जोडीदार परेश, बाजारपेठेतला, जिभेचा शूर, त्यास वदली, “अरे, पोल्ट्रीत कोंबडाच नाय, तर पिल्लू काय ती पेटी घालंल?”

“मग सांग ना सरांना.”

“तू सांग.”

“मी? मला पास व्हायचंय, बाई!”

ऐसी मसलत होऊन गावठी अंड्यांवर स्वारी मुक्रर जाहली, आणि उभयता एस्टीत बसून दरमजल आपट्यास डेरेदाखल जाहली. तेथे साळूची आत्या गुणाबाई हिच्या झोपडीत तांबडी नामे खुडूक कोंबडी टोपलीत अंड्यांवर ठाण मांडून होती. अंड्यांवर गुणाबाईने कोळशाच्या रेघा ओढिल्या होत्या, आणि विजेची नजर लागू नये म्हणून टोपलीत लोखंडी खिळा ठेविला होता. गुणाबाईचा हुकूम सुटला, “नेयाची तर कोंबडीसकट न्या. अंडी गार पडली तर पाप तुमच्या कालेजावर.”

परेशने अर्ज केला, “आत्या, तिकडे मशीन आहे.”

“तुज्या मशिनीला पिसं हायेत का रं?”

यावर परेशने तांबडीसकट टोपली डोईवर घेतली आणि पनवेलकडे कूच केले.

प्रदर्शनाच्या दिवशी वीज गेली. पेटी थंडगार पडली, आणि आत्याचा शब्द खरा जाहला. टोपली जमिनीवर ठेविताच तांबडीने पंख फडकावून उड्डाण केले आणि हुजुरांच्या गादीच्या खुर्चीवर झेप घेऊन तेथेच ठाणे बसविले. उठवू जाता उठेना. मग साळूने अंडी आणून तिच्या पोटाखाली सरकविली, खिळाही ठेविला. इतक्यात खासा हुजूर आले आणि खुर्ची पाहून त्यांनी हात घातला, आणि तांबडीने बोट फोडिले.

साळूने अंडे उचलिले, हलक्या हाताने वरचे कवच काढिले, गर्भ काढून काचेवर घेतला आणि भिंगाखाली धरिला. लाल ठिपक्याएवढे काळीज धडधडत होते. पाठीच्या दोन्ही अंगांस चौकोनी ढेकळांची रांग, जणू भट्टीवर रचलेली कच्च्या विटांची थप्पी. पाय म्हणावा तो निव्वळ फुगवटा, आत स्नायू म्हणून नाव नाही.

“ही थप्पी बघा, सर,” साळू म्हणाली. “फौज हितून निघते. थप्पीच्या कडेला पॅक्स-तीन नावाचं जनुक हाय, ते पेशींना कान देतं. कानाचं नाव सी-मेट. पायाचा कोंब हाळी घालतो, ती त्या कानाला ऐकू येते, आनि पेशी थप्पी सोडून चालू लागतात. मधल्या थप्पीसमोर हाळीच नाय, म्हणून तिथल्या पाठपोटाचंच काम करतात. पॅक्स-तीन मोडलेल्या उंदराला पाय होतो, हाडं होतात, स्नायू नाय. तपासून छापलंय, लायब्ररीत हाय.”

हुजुरांनी आपले फुटलेले बोट रुमालात गुंडाळून शेवटचा बाण सोडिला, “चालताना दाखव.”

“ह्या भिंगातून चालताना नाय दिसत, सर. भट्टीवर जाताना माझी माणसं तरी तुमी कधी बघितली? पण कालेजची भिंत उभी हाय ना?”

परेश हळूच पुटपुटला, “खल्लास.” हुजुरांनी भिंतीकडे पाहिले, बोटाकडे पाहिले, आणि “बघू” इतकेच बोलून मैदान सोडिले. मग परेशने आणि शिपायाने टेबल दाराआडून काढून दर्शनी मांडिले, आणि मघा हसलेली पोरेच भिंगापुढे रांगेत उभी राहिली.

येणेप्रमाणे पाठीच्या फौजेने पाय सर केला, साळूने टेबल सर केले, आणि तांबडीने तख्त सर केले. फत्ते जाहली, ती येथे नोंदविली.

परंतु हुजूर, ‘बघू’ म्हणजे जबाब नव्हे. स्नायूचा सवाल साळूने सोडविला. राहिला तो आपला. वाडीतले चालत आले म्हणून हसू कशाचे आले? याचे उत्तर द्यावे. सर्वांदेखत द्यावे, आणि उभ्यानेच द्यावे. पिल्ले बाहेर पडेपर्यंत खुर्ची रिकामी होणे नाही.