गणपुल्यांच्या गळ्यातले बिल्ले

८ मार्च १९५४, सोमवार, संध्याकाळी सहा. अंबरनाथ, आमच्या ओट्यावर माझा इंग्रजीचा वर्ग. हजर: पोस्टातले सोमण, सिंधी निर्वासितांच्या कॅम्प तीनमधले कापडवाले लछमनदास, शेजारच्या कुसुमताई आणि गणपुले.

इंग्रजीच्या वर्गाला गळ्यात पितळी बिल्ले घालून येणारे गणपुले एकटेच. ते कारखान्यात हत्यारांच्या खोलीवर होते. तिथे पाना नेणारा कामगार आपल्या नावाचा बिल्ला खिळ्याला अडकवतो. पाना परत आला की बिल्ला सुटतो. गणपुल्यांनी हा नियम घरी आणला होता. दुसऱ्याचं काम अंगावर घेतलं की एक बाद बिल्ला स्वतःच्या गळ्यात. काम झालं की उतरवायचा.

त्या दिवशी मी 'टेक केअर ऑफ' शिकवलं. कामाचं बघणं आणि माणसाचं बघणं, दोन्हीला चालतं म्हणून सांगितलं.

गणपुले उभे राहिले. "बाई, इंग्रज इतका काटकसरी असेल असं वाटलं नव्हतं."

पुढे दोन महिने त्यांनी वसाहत हैराण केली. कुणी नुसतं "नळ गळतोय" म्हणालं, की "आय विल टेक केअर ऑफ इट" आणि बिल्ला गळ्यात. कुसुमताईंच्या स्टोव्हची त्यांनी अशी काळजी घेतली, की त्या आठवडाभर चुलीपुढे बसल्या. सोमणांचं घड्याळ चालू झालं, पण दोन्ही काटे बरोबरच फिरायला लागले.

लछमनदास म्हणाले, "साईं, गर्दन टूट जाएगी."

"तुमच्या दुकानाची फळी राहिलीय, शेठ. तेवढी होऊ दे, मग तुटू दे."

एक बिल्ला मात्र काळ्या दोऱ्यात वेगळा असे. तो कधीच उतरला नाही. एकदा मी विचारलं.

"यमूचा. बहीण माझी. वय पंचेचाळीस, समज पाच वर्षांची. कामाचा बिल्ला उतरतो हो, बाई. माणसाचा कधी उतरवायचा, ते तुम्ही शिकवलं नाहीत."

मेअखेर ते निवृत्त होणार होते, क्वार्टर सोडावं लागणार होतं. बदलापूरचा पुतण्या म्हणत होता, "काका, तुम्ही या. आत्याचं जमणार नाही. मुलीला स्थळं बघतोय." म्हणून आणखी वर्षभर राहू द्या, असा साहेबांकडे अर्ज करायचा होता. त्यातल्या एका वाक्यासाठी गणपुले वर्गाला येत होते. बहिणीची काळजी मी घेतो, हे वाक्य त्यांनी इंग्रजीत स्वतःच्या हाताने लिहिलं. उत्तर चार दिवसांत आलं. नियमात बसत नव्हतं.

जूनमध्ये ते ओट्यावर आले तेव्हा गळा मोकळा होता. यमूताईंना घाटावरच्या एका मिशनच्या आश्रमात सोडून आले होते.

"दारात हात सोडेना. पाणी पिऊन येतो म्हटलं, तेव्हा सोडला."

मी पाट पुढे केला, ते बसले.

"तिथल्या मडमेला पत्र लिहायचंय. भात कुस्करून दिल्याशिवाय यमू जेवत नाही. तिला मराठी कळत नाही. मडमेला."

मी कागद घेतला, तारीख घातली, पत्ता घातला आणि 'प्लीज टेक केअर ऑफ' एवढं लिहिलं. गणपुल्यांनी कागदावर हात ठेवला.

"हे नको, बाई. हे मी करायचं होतं. दुसरं काहीतरी घाला."

दुसरं मला सुचेना. उद्या बघू म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते पुतण्याकडे बदलापूरला गेले. पत्र अजून तेवढंच लिहिलेलं आहे.