ओढ्याकाठची गोड माती

बाळांनो, एका जंगलात वाघमहाराजांना दुपारची झोप मिळत नसे. जंगलात पिल्लं फार, आणि पिल्लं म्हटली की रडणारच.

त्याच जंगलात सगुणा नावाची भेकरीण राहायची. भेकर म्हणजे कुत्र्यासारखं भुंकणारं लहानसं हरीण. सगुणाला दिवस गेले आणि डोहाळे लागले ते माती खायचे. सासूने तिला ओढ्याकाठी नेलं. तिथे अस्वलशेठ जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचे. भट्टीची राख सगळी काठावर.

"इथली खा, सूनबाई. गोड लागते."

खरंच गोड होती. साऱ्या गर्भार माद्या तिथेच यायच्या.

सगुणाला पिल्लू झालं. एवढंसं. रडेना, दूध ओढेना, नुसतं बघत राही. सशिणीचं तसंच, साळिंदरिणीचंही तसंच.

जंगल शांत झालं. महाराज पोटभर झोपले. कोल्हेप्रधानांनी सभा भरवून अस्वलशेठना शाल घातली.

"नवी पिढी किती समजूतदार," ते म्हणाले.

सगुणा मागे पिल्लाला चाटत बसली होती. ज्या ज्या आईचं पिल्लू मुकं, ती ती ओढ्याकाठी भेटलेली, हे तिच्या मनातून जाईना.

पुढच्या खेपेला ती पिल्लाला घेऊन डोंगरापलीकडे माहेरी गेली.

"मातीच खावीशी वाटते गं, आई," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

आईने पुढ्यात आवळे टाकले. "हे चघळ. त्या काठाची माती मात्र नाही."

दुसरं पिल्लू जन्मलं ते असं केकाटलं, की झाडावरची वटवाघळं उडाली. सगुणा हसता हसता रडली.

ती परतली आणि महाराजांची झोप मोडली. राजवैद्य घुबडांनी पिल्लू तपासलं.

"ओरडतंय. पाय झाडतंय. भूकही लागते म्हणता?"

"सारखी," सगुणा म्हणाली.

"मग दुखणं गंभीर आहे. ओढ्याकाठची माती चाटवा."

सगुणा "बरं" म्हणाली आणि दोन्ही पिल्लांना पुढे घालून डोंगराच्या वाटेला लागली. वाटेत पोटुशी सशीण भेटली. तिने आधी इकडेतिकडे पाहिलं.

"वहिनी, तुमच्या माहेरी जागा आहे का हो?"

"आहे. पण पोर रडेल हं रात्रभर."

"रडू दे," सशीण म्हणाली.

तात्पर्य: बाळ रडत नसेल तर शेठना शाल घालावी. रडत असेल तर बाळाला औषध द्यावं. भट्टीची तब्येत नेहमी उत्तमच असते.