शिकाऊचं विकाऊ

स्टिकर काढायला अक्कल लागते असं ज्यांना वाटतं, त्यांच्याकडे ती बेताचीच असणार, हे माझं पहिल्यापासूनचं मत. स्टिकर म्हणजे काय हो? एका बाजूला रंग, दुसऱ्या बाजूला डिंक. ते चिकटवायला गाढवही पुरतं, मग काढायला तज्ज्ञ कशाला? पण आमच्या साडूसारखी माणसं गाडीच्या रंगावर अशी बोलतात, जणू आयसीयूतल्या पेशंटबद्दल बोलतायत.

गाडी सासरेबुवांची. लाल रंगाची, म्हणजे पूर्वी लाल असलेली. उन्हात उभी राहून तिचा विटका गुलाबी झाला होता. सासरेबुवांनी आयुष्यभर लोकांना ड्रायव्हिंग शिकवलं. क्लास बंद झाल्यावर ही गाडी त्यांनी आम्हाला वापरायला दिली. तिच्या डिकीवर एकेक अक्षर सुटं चिकटवून लिहिलेलं होतं, 'शिकाऊ चालक'. मी ऑफिसात चांगला सेक्शनचा प्रमुख. पण पार्किंगमध्ये शिरलो की शिपाईसुद्धा आपली सायकल बाजूला घ्यायचा. साहेब तर एकदा म्हणाले, "अजून जमत नाही का तुम्हाला?"

सासरेबुवांची दुसरीही एक गाडी होती. चंदेरी, नवीकोरी, कायम कव्हराखाली. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर त्यांनी स्वतः गाडी चालवणं सोडलं आणि दोन्ही जावयांना सांगून ठेवलं, "ज्याला गाडी सांभाळता येते, त्याला ती चंदेरी देईन. रविवारी येऊन बघतो."

दोन जावई, एक चंदेरी गाडी. दुसरा जावई म्हणजे आमचा साडू. हा गृहस्थ आपली गाडी रोज मऊ फडक्याने पुसतो. बायकोचे डोळे पुसायला त्याने कधी खिशातून रुमाल काढला नसेल! हा चंदेरी गाडी घेऊन जाणार आणि मी शिकाऊच राहणार? शक्यच नाही. रविवारी सकाळी डिकी आरशासारखी करून ठेवायची, असं मी ठरवलं.

बायकोने उगाच साडूला फोन केला. त्याने लगेच प्रवचन सुरू केलं.

"हेअर ड्रायरची हलकी ऊब द्या. डिंक मऊ झाला की नखाने कड उचला आणि सावकाश ओढा. राहिलेला डिंक तेलाच्या बोटाने काढा. चाकू नको, थिनर नको, घासणी तर मुळीच नको. आणि काही लावायचंच असेल, तर आधी कुठल्या तरी कोपऱ्यात लावून बघा."

"कोपऱ्यात हा बसतो," मी बायकोला म्हटलं, "मी सरळ डिकीवर बसणार."

हेअर ड्रायर आणायला मी घरात शिरलो, तर वायर डिकीपर्यंत पोचेना. नसू दे. बटाटे सोलायची सुरी होती. पहिलंच अक्षर असं झक्क निघालं की मी शीळ घातली. त्याच्यासोबत थोडंसं काहीतरी लालसर निघालं, पण ते मळ असणार असं मी धरलं. डिंकासाठी बायकोचं नेलपॉलिश काढायचं औषध उपयोगी पडलं. फडकं लालेलाल झालं. एवढा मळ साठवून ठेवणाऱ्या सासरेबुवांची मला कीव आली.

सगळी अक्षरं काढून मी चार पावलं मागे सरकलो. डिकीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, 'शिकाऊ चालक'.

मी चष्मा पुसला. तरी 'शिकाऊ चालक'च. स्टिकर माझ्या पायाशी पडलेले होते आणि अक्षरं जागच्या जागी होती. बाकीची गाडी उन्हाने विटली होती आणि स्टिकरखालचा रंग तेवढा मूळचा, गर्द लाल राहिला होता. आधी निदान ती चिकटवलेली होती. आता ती गाडीच्या अंगातच मुरली होती!

अशा वेळी माणसाने थांबावं, असं आता तुम्ही म्हणाल. तुम्हाला म्हणायला काय जातं? मी भांड्यांची घासणी आणली.

मी घासत असताना वर फोन वाजला. सासरेबुवांना थोडं कमी ऐकू येतं, त्यामुळे बायको फोनवर नेहमी ओरडूनच बोलते.

"अहो बाबा, हे खाली आहेत. गाडीवरचं काढतायत. हो, हो, काढूनच टाकतायत. नको झालंय त्यांना ते."

पलीकडे काय ऐकू गेलं ते देव जाणे. बायको खिडकीत आली आणि म्हणाली, "बाबा लगेच निघालेत. 'मला न विचारता गाडी काढतायत?' असं म्हणाले आणि फोन ठेवला."

आता मराठीत गाडी काढणं म्हणजे बाहेर काढणंही आणि विकून टाकणंही. भाषा इतकी कंजूष का असावी, यावर मला भांडायचं होतं, पण तेवढ्यात मागून कोणीतरी खाकरलं. समोरच्या इमारतीतले दाताचे डॉक्टर उभे होते.

"काय सांगताय किंमत?" त्यांनी विचारलं.

"कशाची?"

"गाडीची. लिहिलंय ना."

मी वळून पाहिलं. 'चालक' घासून पार नाहीसा झाला होता. तिथे रंगाखालचं करडं अस्तर दिसत होतं. 'शि'मधल्या 'श'ची शेपटी गेली होती. उरलं होतं एक गोल पोट आणि शेजारी काना. डिकीवर लख्ख लाल अक्षरांत लिहिलेलं होतं, 'विकाऊ'.

"विकायची नाहीये," मी म्हटलं.

"सगळे आधी असंच म्हणतात," डॉक्टर म्हणाले आणि दारं उघडून बघू लागले. आयुष्यभर लोकांच्या जबड्यात डोकावलेला माणूस, त्याला कोण अडवणार?

तेवढ्यात चंदेरी गाडी फाटकातून आत आली. साडू चालवत होता. शेजारी सासरेबुवा. मी डिकीपुढे हात पसरून उभा राहिलो, पण 'विकाऊ' माझ्यापेक्षा रुंद होतं.

सासरेबुवा उतरले. त्यांनी मला हलकेच बाजूला केलं, डिकी वाचली, मग डॉक्टरांकडे पाहिलं.

"हे गिऱ्हाईक का?"

"नाही हो मामा! मी गाडी काढत नव्हतो, गाडीवरचं काढत होतो!"

"ते दिसतंय," ते म्हणाले. "काढायचं काही शिल्लक ठेवलं नाहीत."

साडू खाली वाकून अस्तरावरून बोट फिरवत होता. तो एक शब्द बोलला नाही. नालायक माणूस. बोलला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

"तुम्ही गाडी विकताय म्हणून वाटेत मी मनाची तयारी केली होती," सासरेबुवा म्हणाले. "तीस वर्षं अख्ख्या गावाने क्लच चुकीचा दाबला, पण ह्या गाडीचा एवढा रंग कुणी घालवला नव्हता."

त्यांनी खिशात हात घातला आणि चंदेरी गाडीची दुसरी किल्ली साडूच्या हातावर ठेवली. मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, फारच वाईट वाटलं. मग ते माझ्याकडे वळले.

"ही तुम्हीच ठेवा, जावईबापू. कायमची."

माझा ऊर भरून आला. काही झालं तरी मोठ्या मनाचा माणूस!

"आता ही दुसऱ्या कुणाला देण्यासारखी राहिली नाही," त्यांनी वाक्य पुरं केलं.

डॉक्टर अजून तिथेच होते. "म्हणजे विकाऊ नाही म्हणता?"

मी साडूकडे पाहिलं, चंदेरी गाडीकडे पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. "न्या हो," मी म्हटलं, "फुकट न्या!"

डॉक्टरांनी गाडीला एक सावकाश फेरी मारली. डिकीपाशी जरा जास्तच वेळ थांबले.

"फुकट असली तरी," ते म्हणाले, "घरी विचारावं लागेल."

ते गेले. अजून विचारतायत.