गुरुजी गेले, तेही मध्यंतराच्या आधी!

रविवारी दुपारी सलग दोन तास झोपायचं, अशी योजना मी आखली होती. आणि माझी योजना कधी फसत नाही! (बायकोला, म्हणजे मीनाला, विचारू नका.)

आधी परिस्थिती सांगतो. माझे सासरे डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सायखेड्याहून आमच्याकडे नाशिकला आले. ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते, त्यामुळे सारं गाव त्यांना गुरुजी म्हणतं. बायको, भाऊ, मुलगी, नातसुद्धा! ऑपरेशन झालं, डोळा लख्ख झाला आणि त्या लख्ख डोळ्याने त्यांनी आमच्या सृष्टीचं जपानी कार्टून बघायला घेतलं. एक पोरगा, त्याची तलवार, त्याची बोलणारी बकरी आणि दर भागाला एक नवा राक्षस. हिंदीतून. मोठ्या आवाजात. आमच्या हॉलमध्ये, जिथे मी झोपतो, कारण बेडरूम गुरुजींना दिली आहे.

"बाबा, कार्टून नाही, ॲनिमे!" सृष्टी चिडते.

"फार गंभीर विषय आहे, जावईबापू," गुरुजी म्हणतात. "शेवट काय होतो ते कळल्याशिवाय मी काही सायखेड्याला जात नाही."

एकदाचे मालिकेचे भाग संपले. मी पेढे आणायच्या बेतात होतो. तेवढ्यात सृष्टी म्हणाली, पुढची गोष्ट पिच्चरमध्ये आहे आणि तो थिएटरला लागलाय! मी विचार केला, उत्तम! पिच्चर म्हणजे शेवट. शेवट पाहिला की गुरुजी गावाला, टीव्ही बंद आणि मी बेडरूममध्ये. ताबडतोब दोन तिकिटं काढली, रिक्षा बोलावली, पॉपकॉर्नचे पैसे तर कुणी न मागता दिले. दोघं गेली. मीना ओटा आवरून आतल्या खोलीत आडवी झाली. मी दिवाणावर अंग टाकलं. डोळा लागला, बहुतेक घोरायलाही लागलो असेन.

बेल वाजली!

दारात केरूनाना, गुरुजींचे निफाडचे थोरले भाऊ. आमच्या लग्नाच्या पत्रिकेत आपलं नाव खाली छापलं म्हणून नाना धाकट्या भावाशी कित्येक वर्षं बोलत नव्हते. त्यांच्या मागे जीपभर माणसं, नाशकातल्याच एका साखरपुड्याहून तशीच आलेली. नानांनी माझ्या गळ्यात पडून हंबरडाच फोडला.

"जावईबापू, गुरुजी गेला ओ!"

मी अजून झोपेतच होतो. "हो, गेले ना. पोटभर जेवून गेले."

"काय तरास झाला का?"

"छे! सकाळपासून कधी जातो, कधी जातो, असं चाललं होतं त्यांचं."

नाना भिंतीला टेकले. "आन् सृष्टी कुठंय?"

"तीही गेली. त्यांना एकट्याला कसं पाठवायचं?"

मागे एका बाईने किंकाळी फोडली.

"तुमी पाठवलं?"

"मग काय! म्हटलं, एकदाचं होऊन जाऊ दे, म्हणजे मलाही जरा झोप मिळेल."

जीपमधला एक दांडगा गडी बाह्या सरसावत पुढे आला. नानांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. नातेवाइकांच्या ग्रुपवर सृष्टीचा मेसेज होता: 'गुरुजी गेले. माझ्या डोळ्यांसमोर गेले. मला काहीच सुचत नाहीये.'

माझी झोप खाडकन उडाली. जो माणूस कधी घरी जातो याची मी वाट पाहत होतो, त्याच्यासाठी मला भर दारात रडू आलं. सृष्टीला फोन लावला, बंद. गुरुजींना लावला, बंद! मीना बाहेर आली, मेसेज वाचला आणि मटकन खाली बसली. "अहो, मी म्हटलं होतं, त्यांना एसी सोसत नाही!"

सगळे जीपमध्ये कोंबले गेलो आणि थिएटर गाठलं. दारावर वॉचमन.

"तिकीट?"

"आमचा मानूस गेलाय!" नाना ओरडले.

"सगळ्यांचीच माणसं आत गेलीत, बाबा. शो चालूय."

दांडग्या गड्याने त्याला उचलून बाजूला ठेवलं.

आत अंधार. पडद्यावर बकरी रडत होती. त्या उजेडात मधल्या रांगेत दिसले आमचे गुरुजी. जिवंत! उपरण्याने डोळे टिपत होते. शेजारी सृष्टी हुंदके देत होती. झालं होतं ते असं. त्या पोराला तलवार शिकवणारा म्हातारा मध्यंतराच्या जरा आधी मेला होता. हिंदीत त्यालाही गुरुजीच म्हणत होते. आणि सृष्टीने मध्यंतरात मैत्रिणींना लिहिलेला मेसेज घाईत घरच्या ग्रुपवर पडला होता.

नाना लोकांच्या पायांवर पाय देत रांगेत शिरले आणि त्यांनी भावाला कवटाळलं. "जित्ता हायस रं! माझं नाव वर छाप, खाली छाप, नायतर छापूच नको, पन असा जाऊ नको!"

गुरुजींनी मान वाकडी केली. "नाना, खाली बस. पडदा दिसत नाही."

इतक्या वर्षांनंतरचं हे पहिलं वाक्य! नाना बसले. जीपमधली मंडळीही बसली. मीना वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून रडत हसत होती. मलाही भरून आलं. शिवाय शेवट जवळ आला होता.

पोरगा तलवार उपसून राक्षसाच्या दाराशी उभा राहिला. दार उघडलं. आणि पडदा काळा झाला, नावं सुरू झाली.

"म्हणजे?" गुरुजी उठून उभे राहिले. "जिंकला की हरला?"

"ते पुढच्या पिच्चरमध्ये," सृष्टी डोळे पुसत म्हणाली. "शेवट तीन पिच्चरमध्ये आहे ना!"

"पुढचा कधी येणार?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"बहुतेक दोन वर्षांनी."

"थांबू की," गुरुजी शांतपणे म्हणाले. "घाई कसली?"

जीप निफाडला परत गेली. नाना गेले नाहीत. ते माझ्या दिवाणावर भावाशेजारी मांडी घालून बसले.

"पोरी, त्यो म्हातारा मेला, लय वाईट झालं. पन त्यो व्हता कोन?"

"नाना, त्यासाठी पहिल्या भागापासून बघावं लागेल."

"मंग लाव की!"

हल्ली मी रविवारी दुपारी त्याच थिएटरात झोपतो. रीतसर तिकीट काढून. पिच्चर कुठलाही चालतो, खुर्ची तेवढी मागे जायला हवी.