अबू हैथमच्या टर्बोचा विसावा

“बाशा माझ्या गाडीतून जातील. विषय संपला!”

जॉर्डनमधल्या मादबा गावी आपल्या फरशीच्या दुकानात अबू हैथमनं ही घोषणा केली आणि चहाचा पेला असा आपटला, की नमुन्याला मांडलेली एक फरशी तडकली. अपशकुन तिथंच ओळखायला हवा होता. पण गाडी हातात नवी आली की माणसाला दुसरा कसलाच आवाज ऐकू येत नाही!

गुरुवारी त्याच्या मुलासाठी, हैथमसाठी, मागणी घालायला करक शहराकडच्या एका गावी जायचं होतं. मुलगी रगद. हैथमबरोबर शिकलेली. तिचे आजोबा हज्ज मिफ्लेह म्हणजे त्या डोंगराळ मुलखातलं वजनदार नाव, त्यामुळे मागणीही तशीच थाटात हवी. मानकऱ्यांचा ताफा जमला, म्होरके म्हणून निवृत्त ब्रिगेडियर शाहेर बाशा ठरले. आता बाशांना बसवायचं कुणाच्या गाडीत, एवढाच घोळ उरला होता.

“माझी घे ना,” मेहुणा अबू नायफ म्हणाला. “जुनी आहे, पण सहा सिलिंडर आहेत. बाशांना पाय तरी पसरता येतील.”

“तुझी गाडी पेट्रोल पीत नाही, पेट्रोलनं आंघोळ करते!”

“करते, पण पोचवते. तुझं इंजिन केवढं? ज्यूसच्या डब्याएवढं!”

“बाराशे सीसी! एकशे तीस हॉर्सपॉवर! टर्बो आहे, टर्बो! धुराड्यातून वाया जाणाऱ्या गरम वाऱ्यावर चक्र फिरतं, मिनिटाला दीड लाख फेरे! तेच चक्र इंजिनात हवा कोंबतं. तीन सिलिंडर सहांचं काम करतात.”

“तीनच? चौथा सुनेच्या मेहरमध्ये देऊन टाकलास की काय?”

सगळे खो खो हसले. अबू हैथमच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

“हसा! पण भरवसा कशाला म्हणतात ते या इंजिनाकडून शिका. आजवर एकदाही दगा दिलेला नाही!”

त्याची बायको उम्म हैथम पडद्यामागून हळूच म्हणाली, “माशाल्ला म्हणा हो. दृष्ट लागेल.”

“टर्बोला दृष्ट लागत नाही!”

उम्म हैथम म्हणजे सोमवार-गुरुवारचे रोजे पाळणारी, कधी आवाज न चढवणारी बाई. हातात सदा जपमाळ. त्या माळेचं आणि टर्बोचं एक गुपचूप नातंही जुळलं होतं. गाडी चढ चढून आली की इंजिन लगेच बंद करायचं नाही, असं मेकॅनिकनं बजावलं होतं. टर्बो तापून लाल झालेला असतो, एकदम बंद केलं तर आतलं तेल करपतं. म्हणून दाराशी आल्यावर उम्म हैथमची माळ पुरी होईपर्यंत इंजिन चालू ठेवायचं, असा नेमच झाला होता. जन्मात कधी दोन मिनिटं शांत न बसलेला आपला नवरा गाडीत मुकाट बसतो, याचं तिला मनातून फार बरं वाटे. यंत्राच्या निमित्तानं का होईना!

गुरुवारी ताफा निघाला. ऑगस्टचं ऊन. मुजिबच्या दरीत उतरून पलीकडचा चढ लागला, आणि अबू हैथमनं पाय दाबला. एक ट्रक मागे, दुसरा मागे, अबू नायफची गाडी तर आरशात मटाराएवढी झाली!

बाशांनी वरची कडी घट्ट धरली. “अबू हैथम, शत्रू मागं लागलाय का?”

“टर्बो आहे, बाशा!”

“ते कळलं. पण मी निवृत्त झालोय रे बाबा!”

हज्ज मिफ्लेह यांच्या दारात काळे-तपकिरी अबाये, म्हणजे सैल झगे, पांघरून यजमान रांगेनं उभे होते. बाशा उतरले. अबू हैथम मात्र आतच! इंजिन भट्टीसारखं तापलेलं, आणि माळवाली मागून बायकांच्या गाडीत. शेवटी सगळ्यांच्या नजरा आपल्यावर खिळलेल्या पाहून तो उतरला आणि गाडी तशीच घुरघुरत ठेवून आत गेला.

बैठकीत बाशांपुढे कॉफीची वाटी आली. ती त्यांनी शिवलीही नाही. मागणी मंजूर झाल्याशिवाय शिवायची नसतेच. पण त्या वाटीत काय होतं! हज्जनी पहाटेच्या नमाजानंतर स्वतःच्या हातानं बिया भाजल्या होत्या, वेलदोडा घालून कुटल्या होत्या. त्यांच्या घरात पाहुण्यापुढची कॉफी कधी थंड झाली नव्हती, हा त्यांचा अभिमान.

बाशा छान बोलले. अल्लाचं नाव घेतलं, दोन्ही घराण्यांची थोरवी सांगितली, रगदला मागणी घातली. आता हज्जनी “कॉफी घ्या” म्हटलं की झालं! हैथम नव्या सुटात श्वास रोखून बसला होता.

हज्जनी तोंड उघडलं, आणि खिडकीकडे मान वळवली.

“ते काय वाजतंय?”

“माझी गाडी, अहो हज्ज,” अबू हैथम म्हणाला.

“चालू ठेवलीस?”

“हो.”

हज्जनी काठी जमिनीवर टेकवली.

“आमच्या दारात घोडा खोगिरासकट दोनच माणसं उभा ठेवतात,” हज्ज सावकाश म्हणाले. “भांडायला आलेला, नाहीतर पळून जाणारा. तू यातला कोण?”

एक साधं वाक्य पुरलं असतं. पण आयुष्यात नेमक्या वेळी साधं वाक्य कुणाला सुचलंय?

“अहो हज्ज, टर्बोचं चक्र दीड लाख फेरे घेतं! नऊशे अंश उष्णता! बंद केलं तर तेल जळतं…”

“जळतंय?” दारातले दोघे ओरडले आणि पाण्याच्या बादल्या घेऊन धावले!

“अरे नाही! थांबा! पाणी नको!”

“बंद कर ती,” बाशा दातांतून म्हणाले.

अबू हैथम पळत बाहेर गेला, बादल्या अडवल्या, इंजिन बंद केलं, घाम पुसत परत आला. बाहेरून घर्रर्र! आधीपेक्षा मोठ्यांदा!

“केलीस बंद?”

“केली.”

“मग हे काय?”

“तो पंखा आहे, अहो हज्ज. इंजिन बंद झाल्यावरही चालतो. आपोआप!”

हज्जच्या भुवया वर गेल्या. “बंद केली म्हणतोस आणि वाजतेच आहे. तुझ्या पोराचा शब्दही असाच का?”

हैथमचा चेहरा दह्यासारखा पांढरा पडला. बापाला पोराच्या डोळ्यांत बघवेना.

“चला, दाखवतोच!” तो उठला.

आणि अख्खी मागणी बॉनेटभोवती जमली! तिथं मग दहा तोंडं, दहा मतं! मागणीला आलेले विसरले मागणी, देणारे विसरले देणं.

“खरंच तीनच सिलिंडर आहेत की!”

“टर्बो म्हणजे ही गोगलगाय का?”

“माझ्या साडूची असलीच होती. विकून बकऱ्या घेतल्या. सुखात आहे!”

“आणि हे काय?” हज्जनी काठीनं आत ढोसलं. “आणि हे?”

“हळू, अहो हज्ज…”

“आणि याचा उपयोग काय?”

अबू नायफ एका बाजूला उभा होता. तो काही बोलत नव्हता. त्याच्या टोमण्यापेक्षा तेच जास्त लागलं.

आत बायकांच्या खोलीत रगद पडद्याच्या फटीतून बघत होती. डोळे भरलेले. तिची आजी हज्जा वधा उम्म हैथमकडे वळली. “काय प्रकार आहे हा, बाई?”

“काही नाही, हज्जा,” उम्म हैथम हळू आवाजात म्हणाली. “गाडी चढ चढून आली की माझी माळ पुरी होईस्तोवर ते तिला विसावा देतात. दमते ना ती. लगेच गप्प केली तर आतून बिघडते म्हणे.”

हज्जा वधा तडक खिडकीशी गेली.

“अरे मिफ्लेह! धावून आलेली घोडी तू लगेच बांधायचास का रे? दम जिरेपर्यंत फिरवायचास ना? मग त्या माणसाच्या लोखंडाला दोन श्वास घेऊ दे की!”

भोवतालचे मागे सरकले. तेवढ्यात पंखाही थांबला! हज्जनी काठी मागं घेतली, बॉनेटकडे पाहिलं, मग अबू हैथमकडे.

“हे आधी का नाही सांगितलंस? दीड लाख, नऊशे करत बसलास!”

सगळे आत गेले. कॉफी पार थंड झाली होती. हज्जनी कुणाला हात लावू दिला नाही. स्वतः भांडं उचललं, वाट्या उचलल्या, आणि दाराबाहेर ऑलिव्हच्या झाडाच्या मुळाशी ती पहाटेची कॉफी ओतून टाकली. म्हातारा माणूस, वाकून ओतत होता. अबू हैथम दारातून बघत होता. इंजिन करपलं असतं तर नवं मिळालं असतं. ही कॉफी कुठून आणायची?

मग नवी झाली. “घ्या बाशा. मुलगी तुमची.” बायकांच्या खोलीतून आनंदाच्या आरोळ्या उठल्या, हैथमचे डोळे पाणावले. सगळं गोड झालं.

निघताना अबू हैथमनं ऐटीत किल्ली फिरवली. गाडी खाकरली. पुन्हा फिरवली. पुन्हा खाकरली. तिसऱ्यांदा तर तिनं खाकरणंही सोडलं!

बाशा उतरले आणि अबू नायफच्या गाडीत जाऊन बसले. पाय पसरून. हज्जनी गोठ्यातून जाडजूड दोर आणवला. बायकांना वाटलं, मंडळी निघाली. त्यांनी पुन्हा आरोळ्या ठोकल्या, आणि त्या गजरात एकशे तीस घोडे सहा सिलिंडरच्या शेपटीला बांधून निघाले! दरीच्या उताराचं धाडस कुणी केलं नाही. सपाट मोठ्या रस्त्यानं, मयताला निघाल्यासारखे घरी आले.

मेकॅनिकनं बॉनेट उघडलं आणि हसला. “इंजिन ठणठणीत आहे. ही वायर निसटलीय फक्त. कुणी काठीनं ढोसलं होतं का?”

अबू हैथमनं तोंड उघडलं. मिटलं. आता कुणाला सांगणार? नव्या सोयऱ्याच्या काठीचं नाव घेणार?

“मोठ्यांची चूक आपण झाकली की आपली अल्ला झाकतो,” उम्म हैथम म्हणाली.

तेव्हापासून तो ती झाकतोच आहे. लग्नात रगद अबू नायफच्या गाडीतून आली. हज्जची ती अटच होती.

आता सुनेच्या माहेरी जायचं असलं की अबू हैथम गाडी गावाच्या खालच्या वळणावर उभी करतो. इंजिन चालू. शेजारी उम्म हैथमची माळ. ती संपली की वर जायचं, आणि दाराशी पोचताच इंजिन बंद. आवाज नको, पंखा नको, अपमान नको.

पण पहिल्याच खेपेला माळ अर्ध्यावर असताना वरून हज्जचा नातू दोर घेऊन धावत आला. हज्जनी गच्चीवरून गाडी थांबलेली पाहिली होती.

“पुन्हा बंद पडली का, काका? काळजी करू नका, आजोबांनी दोर तुमच्यासाठी दारामागं खिळ्यालाच टांगून ठेवलाय!”

अबू हैथमनं बायकोकडे पाहिलं. कधी खोटं न बोलणाऱ्या त्या बाईनं माळ थांबवली आणि खिडकीतून दरीकडे पाहू लागली.

अबू हैथमनं हात पुढं केला, आणि चांगलं चालू असलेलं इंजिन बंद केलं.

“हो रे बाळा,” तो म्हणाला. “पडली. बांध.”