बत्तिसावी तक्रार

बसा हो, बसा! मॅनेजर यायला अजून अर्धा तास आहे. तोवर एक भानगड सांगतो, खुर्चीवरून पडाल!

मोठ्या कलाकारांची सही कशी मिळवायची, हे या सभागृहात माझ्याइतकं कुणालाच कळत नाही. लोक मैफल सुटली की वह्या घेऊन दाराशी चेंगरतात, आणि गवई मागच्या दारानं पसार! मी एकदाही रांगेत उभा राहिलो नाही. तरी माझ्या पत्र्याच्या पेटीत एकतीस सह्या आहेत. सतारवाले, सारंगीवाले, तबलजी, सगळे!

मी इथला नळवाला. अठरा वर्षं झाली. शाळा चौथीपर्यंत. इथला नियम असा, की नळ दुरुस्त केला की त्या खोलीत जो असेल त्याची तक्रारवहीत सही घ्यायची. खाली कार्बन. वरचा कागद ऑफिसला, खालचा वहीत. आता मला सांगा, मैफलीआधी कलाकारांच्या खोलीत कोण असणार? मग काय! दुपारी जाऊन बेसिनचा नळ पाव आटा ढिला करायचा, आणि संध्याकाळी पाना घेऊन हजर. "साहेब, तक्रार मिटली, इथं सही करा." वरचा कागद माझ्या पेटीत, कार्बनचा ऑफिसात. कोण बघतंय!

बायको म्हणायची, "लोक भांडी जमवतात, आमचे हे तक्रारी जमवतात!"

पण नवे मॅनेजर आले आणि त्यांनी जुन्या फायली उपसल्या. मला बोलावलं.

"एका नळाच्या एकतीस तक्रारी? त्याही मैफलीच्याच दिवशी? नळाला गाणं आवडतं वाटतं!"

"जुना आहे साहेब नळ."

"गेल्याच वर्षी बदललाय. बत्तिसावी तक्रार आली, तर या खेपेला नळवाला बदलीन!"

मी कानाला खडा लावला. आणि आठवड्यात पाटी लागली, बाईंची शेवटची मैफल! अहो, त्या बाईंचं गाणं मी पडद्यामागं बादली पालथी घालून, तिच्यावर बसून अठरा वर्षं ऐकलंय. पण त्यांनी जन्मात कुणाला सही दिली नाही. "सही बँकेत करतात," म्हणायच्या. आज नाही तर कधीच नाही! एकीकडं नोकरी, एकीकडं सही. दुपारी पाय आपोआप तिकडं वळले. एक डोळा दारावर ठेवून पाव आटा ढिला करायचा तो किती झाला देव जाणे.

संध्याकाळी आत गेलो. बाई कोचावर, त्यांची शिष्या तंबोरा लावतेय. मी म्हटलं, "बाई, नळाची तक्रार आहे."

"माझी तर नाही," बाई म्हणाल्या.

मी पाना लावला मात्र, नळाचं डोकं माझ्या हातात! पाणी असं उसळलं, की हत्तीनं सोंड वर करावी! शिष्या तंबोरा कवटाळून टेबलावर चढली. मी फवाऱ्यावर पंजा दाबला, तर पाणी बोटांतून थेट बाईंच्या शालीवर!

बाई उठल्या. शाल भिरकावली. "सरक! पाना दे."

"बाई, तुम्ही?"

"माझा बाप नळवाला होता. दे!"

बेसिनखाली हात घालून त्यांनी आधी पाणी बंद केलं, मग डोकं बसवलं, दोन हिसक्यांत घट्ट. मग माझ्याकडं वळल्या. "वायसर नवाकोरा आहे. आटे कुणी ढिले केले?"

"मीच, बाई."

"कशाला?"

"सहीसाठी."

मग बाई जे हसल्या! "अरे, माझा बापही असाच! गवयाच्या घरचा नळ तो एका खेपेत कधी दुरुस्त करायचाच नाही. मला संगती न्यायचा. तिथंच पायरीवर बसून मी पहिलं गाणं ऐकलं. आण ती वही!"

मी धावत वही आणून कार्बन लावला. बाईंनी दाबून सही केली. इतक्यात दारात मॅनेजर!

"बत्तीस!" ते ओरडले. "उद्यापासून येऊ नकोस!"

"तो गेला तर मीही चालले," बाई म्हणाल्या. "बाहेर हजार माणसं बसलीत. त्यांना तुम्ही गाऊन दाखवा."

मॅनेजरांचा आवाज म्हणजे पाणी संपलेला पंप. त्यांनाही ते ठाऊक आहे. "राहू दे त्याला," म्हणाले. बाईंनी सहीवर शेराही लिहिला: 'नळ उत्तम. नळवाला लबाड, पण ठेवा.'

हुश्श! ओल्या कपड्यांनी बादलीवर बसून मी ती अख्खी मैफल ऐकली. असं हलकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

आता ऐका. वरचा कागद मॅनेजरांनी फाडून घेतला. "मूळ कागद ऑफिसला. नियम!" म्हटलं, असू दे, खालचा आहे की. घरी जाऊन बघतो, तर कोरा! घाईत कार्बन उलटा लावला होता मी. बाईंची सही मॅनेजरांच्याच कागदाला दोन्हीकडून! पुढं सुलटी, मागं उलटी!

तो कागद त्यांनी चौकटीत घालून खुर्चीमागं टांगलाय. येणारा जाणारा 'लबाड' वाचतो आणि माझ्याकडं बघून हसतो. हसू दे. नोकरी आहे ना!

ते बघा, आले मॅनेजर. जा आत. तुमचं काम झालं, की सहज म्हणून एवढं विचारा, पुढची बाजू तुमचीच हो, पण मागची आमच्या नळवाल्याला द्याल का?